चौथ्या प्रश्नाला शून्य

सहा वर्षं मी मोठ्या माणसांना सिनेमा न दाखवता सिनेमा ऐकवत आलो. ह्या युक्तीचा मला केवढा तोरा होता ते आठवलं की आता कानशिलं तापतात. तरी सगळं सांगतो. अर्धवट सांगून मी एकदा बघितलं आहे, आणि त्यानं कुणाचं काही भलं झालं नाही.

आमची संस्था नोकरी करणाऱ्या माणसांना भाषा शिकवते. घरची नव्हे, कचेरीची; जी फॉर्मवर असते, फोनवर असते, साहेबाच्या तोंडी असते. वर्ग संध्याकाळी साडेपाचला भरतो. दिवसभर राबून आलेली बारा माणसं दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येऊन बसतात. बाकं लहान मुलांच्या मापाची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे बाहेर. पुस्तकातला धडा वाचायला घेतला की त्यांना जांभया यायच्या, आणि खरं सांगायचं तर मलाही यायच्या. म्हणून मी सिनेमा आणला.

पद्धत अशी. सिनेमातला सात-आठ मिनिटांचा एक प्रसंग निवडायचा. प्रोजेक्टर सुरू करायचा, पण भिंगासमोर हजेरीपट उभा करून ठेवायचा. भिंतीवर अंधार, खोलीत नुसता आवाज. माणसं किती आहेत, कोण कुणावर चिडलंय, कोण खोटं बोलतंय, हे फक्त ऐकून ओळखायचं. पहिल्यांदा ऐकून शिसपेन्सिलीनं उत्तर लिहायचं, दुसऱ्यांदा ऐकून पेनानं पक्कं करायचं. मग हजेरीपट बाजूला करायचा आणि तोच प्रसंग डोळ्यांनी बघायचा. एकदा आमच्या वर्गातल्या बस ड्रायव्हरनं नुसत्या पावलांवरून सांगितलं, "सर, हा माणूस लंगडतोय." आणि खरंच, भिंतीवर आला तो लंगडतच. त्या दिवशी वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. संस्थेच्या बैठकीत मी हा किस्सा किमान चार वेळा सांगितला असेल.

बैठकीत एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. वर्गासाठी भिंत काळी असायची, पण लॅपटॉपचं तोंड माझ्याकडे असायचं, आणि त्यावर चित्रही असायचं आणि खाली सबटायटलही. वर्ग कानांनी ऐकायचा, मी डोळ्यांनी. चित्र दाखवायची वेळ आली की एक बटण दाबून मी सबटायटल घालवायचो. सहा वर्षांपूर्वी मी हे सोय म्हणून सुरू केलं होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यावाचून माझं पानच हलत नव्हतं.

मला कमी ऐकू येतं. आठ महिन्यांपूर्वी गावातल्या मोठ्या रुग्णालयात जाऊन मी कान तपासून घेतले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला एक आलेख दाखवला. एक रेघ थोडी सरळ जाऊन मग जिना उतरावा तशी खाली गेली होती. जाड, खालच्या पट्टीतले आवाज ठीक आहेत, म्हणाल्या, पण बारीक आवाज जवळजवळ गेलेत. पाखरं, कुजबुज, फोनची नाजूक घंटी. "यंत्र लावा, लगेच फरक पडेल." मी "विचार करतो" म्हणालो आणि तो अहवाल घरी आणून शब्दकोशाच्या ज्या खंडाला कुणी हात लावत नाही त्यात ठेवून दिला. बायकोला सांगितलं, "मळ होता, काढला." लोकांना ऐकायला शिकवणाऱ्या माणसानं कानात यंत्र घालून वर्गात उभं राहायचं? माझी मान मला वाकवता येईना, दुसरं काही नाही.

वर्गात मी नियम केला होता, की ज्याला बोलायचंय त्यानं उभं राहायचं, माझ्याकडे तोंड करायचं आणि खणखणीत बोलायचं. सगळ्यांना ती शिस्त वाटायची. मी ओठ वाचत होतो.

ह्या वर्गात त्याच रुग्णालयातून तिघंजण येत होते. त्यातल्या एक वॉर्डात काम करणाऱ्या बाई. त्यांना सगळे मावशी म्हणत, मीसुद्धा. मी छप्पन्न वर्षांचा आणि त्या साडेचव्वेचाळीसच्या, पण वॉर्डात पाऊल टाकलेली बाई सगळ्या जगाची मावशी होते. वीस वर्षं त्यांनी माणसं उचलली होती, कुशीवर वळवली होती, चाकाच्या खुर्चीत बसवली होती. आता कंबर साथ देईना. बाकावरून उठताना त्या आधी दोन्ही हात बाकावर टेकवायच्या, मग एक श्वास घ्यायच्या आणि मग उठायच्या. बोलायला उभं राहा हा माझा नियम त्यांना दर वेळी किती महाग पडत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

रुग्णालयात चौकशीच्या टेबलावर, फोन घेण्यासाठी, एक जागा निघाली होती. बसून करायचं काम. त्यासाठी आमच्या संस्थेची ऐकण्याची परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिघांमध्ये ज्याचे गुण जास्त त्याला ती जागा. वयाची अट पंचेचाळीस. म्हणजे मावशींना ही संधी एकदाच होती. त्यांनी ते स्वतःहून कधी बोलून दाखवलं नाही, मला लिफ्टवाल्यानं सांगितलं. तोही त्या तिघांपैकीच एक. "मावशींना मिळायला पाहिजे, सर," असंही तो म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे मला मिळाली तर मी नाही म्हणणार नाही."

परीक्षा शुक्रवारी झाली. पंचवीस गुण, पंधरा मिळाले तर पास. पहिले तीन प्रश्न साधे, पाच-पाच गुणांचे. चौथा दहाचा. तो विचार करायचा प्रश्न, माझा लाडका.

प्रसंग असा. वडील आणि मोठा झालेला मुलगा स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेत. मुलगा लांब कुठेतरी नोकरीला चाललाय. घर विकून टाका, तुम्ही दोघं माझ्याकडे या, नाहीतर इथंच कुठे लहान जागा बघा, असं तो बोलतोय, बोलतच राहिलाय. वडील "हं" म्हणतात, पुन्हा "हं" म्हणतात. शेवटी मुलगा विचारतो, "आईला सांगितलंत का?" वडील गप्प. पडद्यावर त्यांचा चेहरा आणि त्यांच्या मागे एक बंद दार, एवढंच दिसतं. प्रश्न असा, की वडील उत्तर का देत नाहीत?

हा प्रसंग मी तीन वर्षं शिकवत होतो. माझं ठरलेलं उत्तर असं: वडील मानी आणि हट्टी आहेत, त्यांना मुलाला हार जायचं नाही. चित्र दाखवताना मी छडीनं ते दार दाखवायचो आणि म्हणायचो, "दिग्दर्शकानं हे बंद दार मुद्दाम ठेवलंय. हे वडिलांचं बंद मन आहे." माणसं वहीत लिहून घ्यायची. बंद मन.

पहिलं ऐकणं झालं. सगळे पेन्सिलीनं लिहायला लागले. ड्रायव्हर उठून उभा राहिला, माझ्याकडे तोंड करून खणखणीत म्हणाला, "सर, ते आतून काहीतरी येतंय, ते धरायचं का?"

सबटायटलमध्ये आतून काही नव्हतं. "आतून काही नाही," मी म्हणालो. "रस्त्यावरचा गोंगाट असेल. टेबलावरच्या दोघांकडे लक्ष ठेवा."

मग शिंपीकाकांनी उठून खिडकी लावून घेतली आणि मी दुसऱ्यांदा प्रसंग लावला.

चौथा प्रश्न मी तिथल्या तिथे तपासतो. चहाची वीस मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. अकरा पेपरांत थोड्याफार फरकानं माझंच उत्तर होतं: हट्टी, मानी, राग. बाराव्या पेपरात मावशींनी लिहिलं होतं: "सांगायची गरज राहिली नाही. आई आतच आहे. ती तोंडावर हात दाबून रडते आहे. वडिलांना ऐकू येते म्हणून ते बोलत नाहीत. मुलगा बोलतोच आहे, म्हणून त्याला ऐकू येत नाही."

मला ते वाचून हसू आलं. राग आला असता तर परवडलं असतं. सगळे परत येऊन बसल्यावर मी तो पेपर हातात घेतला आणि मोठ्यानं वाचून दाखवला.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही अख्खा वॉर्ड इथं घेऊन आलात की काय? ह्या सिनेमात पेशंट नाही, नर्स नाही, रडणारी बाई तर नाहीच नाही."

दोघंतिघं हसले. सर विनोद करतात तेव्हा जेवढं हसावं लागतं तेवढं.

मावशी नियमाप्रमाणे उठल्या. दोन्ही हात टेकवून, श्वास घेऊन. "मला ऐकू आलं, सर."

"तुम्हाला वाटलं," मी म्हणालो. "ऐकणं वेगळं आणि वाटणं वेगळं. सहा महिने मी दुसरं काय शिकवतोय? विचारू या वर्गाला. आणखी कुणाला ऐकू आलं रडणं? हात वर करा."

कुणीही हात वर केला नाही. ड्रायव्हर बाकावर काहीतरी कोरल्यासारखं नखानं घासत होता.

"बघा," मी म्हणालो.

मावशींना काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले होते, पण शब्द झाला नव्हता. मग म्हणाल्या, "चुकलं असेल, सर," आणि खाली बसल्या. मी चौथ्या प्रश्नाला शून्य दिलं. पहिल्या तिन्हींत त्यांना पंधरापैकी तेरा होते, वर्गात सगळ्यांत जास्त. एकूण तेरा. नापास. लिफ्टवाल्याला अठरा. शनिवारी सकाळी गुणांची यादी मी सही करून कचेरीत दिली.

रविवारी सकाळी मी घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. शेजारच्या शाळेच्या शिक्षकांना माझी पद्धत दाखवायची होती, त्यासाठी तोच प्रसंग लावून कुठे थांबवायचं ते टिपून घेत होतो. आवाज मी नेहमीच मोठा ठेवतो. बायको धुतलेल्या चादरी घेऊन मागून गेली, परत आली आणि दारात थांबली.

"अहो, ती बाई एवढी रडतेय आणि हे दोघं नुसते बसलेत काय?"

मी म्हटलं, "कोण बाई?"

"ती आतली. दाराआडची."

"तिथं कुणी नाही."

"नाही कसं? चांगली हुंदके देतेय. तोंडात काहीतरी कोंबून रडावं तशी."

मी प्रसंग मागे नेला आणि पुन्हा लावला. आवाज आणखी वाढवला. कान लॅपटॉपला लावला. मुलगा बोलत होता, वडील "हं" म्हणत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये काही नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आता सिनेमा नव्हता. ती माझ्या कानाकडे बघत होती.

"तुम्हाला ऐकू येत नाही," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. "तुम्ही तर म्हणाला होतात मळ होता."

ती चादरी घेऊन आत गेली. तीन वर्षांत ह्या प्रसंगावर माझ्यापुढे किमान ऐंशी माणसं बसून गेली होती. दर वर्गात कुणीतरी विचारायचंच, "सर, आत कुणी आहे का?" आणि दर वेळी मी म्हणायचो, "कल्पना लढवू नका." आणि ते बंद मन! ते छडीनं दाखवलेलं बंद मन! मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

मग मी पिशवीतून बारा पेपर काढले. पेनाच्या अक्षरांच्या खाली पेन्सिलीचं खोडलेलं दिसत होतं. एकेक पेपर मी खिडकीच्या काचेवर धरला. शिंपीकाकांनी आधी लिहिलं होतं, "आई आत रडते." ते रबरानं पुसून वर "वडील हट्टी". ड्रायव्हरनं, "आतून बाईचा आवाज, रडणे." पुसलेलं. लिफ्टवाल्यानं, "आईला सर्व कळले." तेही पुसलेलं. अकरा पेपरांपैकी नऊ पेपरांत ती बाई होती, आणि नऊ जणांनी तिला माझ्या एका वाक्यावर पुसून टाकलं होतं. खिडकी लावल्यावर तर ती त्यांना आणखी स्वच्छ ऐकू आली असणार. तरीही पुसलं, आणि नंतर हात वर केला नाही. सहा महिन्यांत मी त्यांना एवढंच शिकवलं होतं.

सोमवारी मी कचेरीत गेलो. जाताना मनाशी ठरवलं होतं, सगळं खरं सांगायचं. कारकुनासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मावशींचे गुण बदलायचेत."

तो भला माणूस आहे. म्हणाला, "यादी तर रुग्णालयात गेली, सर. पण उद्या संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्ती चालते. कारण द्यावं लागेल. बेरीज चुकली का?"

त्यानं ते वाक्य माझ्यासमोर आयतं आणून ठेवलं. खोलीत आणखी चौघं होती, दोन शिक्षिका वह्या तपासत बसल्या होत्या. माझ्या तोंडून गेलं, "हो. बेरीज चुकली. तेरा नाही, पंधरा आहेत."

पंधरा म्हणजे पास. मी स्वतःची समजूत घातली, की बाईंच्या हातात प्रमाणपत्र पडलं, झालं की. कारकुनानं ते छापून दिलं. आणि माझा निर्लज्जपणा असा, की जिना उतरताना मला चक्क हलकं वाटत होतं. प्रमाणपत्र आपणच नेऊन द्यावं, असंही वाटलं. स्वतः सर आले, हे मावशींना बरं वाटेल!

मंगळवारी साडेतीनला मी रुग्णालयात गेलो. मावशी पहिल्या मजल्यावरच्या लांबलचक पॅसेजमध्ये रिकामी चाकाची खुर्ची ढकलत येत होत्या. मला बघून थांबल्या. मी प्रमाणपत्र पुढे केलं आणि म्हणालो, "बेरजेत चूक झाली होती, मावशी. तुम्ही पास आहात."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला, व्यवस्थित घडी घातली. "उपकार झाले, सर."

"आता टेबलाचं काम मिळेल ना?"

"अठरावाल्याला मिळेल, सर. गुणांवर आहे ते." त्यांच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. पेशंटला जेवणाची वेळ सांगावी तसं सांगितलं. "पण पास झाले ते चांगलं झालं. घरी सांगता येईल."

हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. लिफ्टवाल्यानं सांगितलंच होतं, जास्त गुण त्याला जागा. मी ते सोमवारपासून सोयीस्करपणे बाजूला ठेवून दिलं होतं. त्यांच्यासमोर उभा राहून मला ते आता बाजूला ठेवता येईना.

"मावशी," मी म्हणालो, "बेरीज चुकली नव्हती. ती बाई रडत होती. मलाच ऐकू आलं नाही. मला कमी ऐकू येतं."

"माहीत आहे, सर," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, मी ओठ चुकीचे वाचले. "काय?"

त्या खुर्ची बाजूला लावून माझ्यासमोर आल्या, नीट तोंडासमोर, आणि सावकाश बोलल्या. आता कळतं, वर्गातही त्या माझ्याशी नेहमी अशाच बोलायच्या. "कानाचा विभाग ह्याच पॅसेजला आहे. तुम्ही नंबरची चिठ्ठी घेऊन त्या बाकावर बसला होता. बाईंनी तुमचं नाव तीनदा पुकारलं, तुम्हाला कळलं नाही. मग मी तुमच्या शेजारच्या माणसाला खूण केली, त्यानं तुम्हाला हलवलं."

"आठ महिन्यांपूर्वी?"

"वर्ग सुरू व्हायच्या आधी. पहिल्याच दिवशी वर्गात तुम्हाला ओळखलं मी."

"मग शुक्रवारी का नाही बोललात?" माझा आवाज चढला. मला वाटतं मी त्यांच्यावरच चिडलो होतो, दुसरं कुणी सापडत नव्हतं म्हणून. "एवढं तुमचं नुकसान होत होतं! सरळ म्हणायचं होतं, सर, तुम्हाला ऐकू येत नाही!"

"सगळ्यांसमोर?" मावशी म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं, की असं कुणी कसं करेल. मग त्यांना कुणीतरी हाक मारली असावी, कारण त्या मागे वळल्या, मला "येते सर" म्हणाल्या आणि खुर्ची ढकलत निघून गेल्या.

मी घड्याळ बघितलं. चार वाजून पाच मिनिटं. रिक्षा मिळाली नाही, म्हणून मी चालत आणि मधूनमधून पळत संस्थेत पोचलो. छप्पन्नाव्या वर्षी रस्त्यावरून पळणारा मास्तर बघून लोक वाट देतात, एवढं बरं असतं. जिना चढून कचेरीत शिरलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. वर्गातली माणसं लवकर येऊन व्हरांड्यात गप्पा मारत उभी होती. ड्रायव्हर, शिंपीकाका, लिफ्टवाला. कचेरीचं दार सताड उघडं होतं. ते लावून घ्यावं असं मला वाटलं, पण मी लावलं नाही.

"मावशींचे गुण पुन्हा बदलायचेत," मी म्हणालो. "तेवीस करा."

कारकुनानं चष्मा वर केला. "सर, कालच दोन वाढवले. आज आठ? बेरीज किती वेळा चुकणार?"

"बेरीज काल चुकली नव्हती. मी खोटं बोललो. चौथ्या प्रश्नाचं त्यांचं उत्तर बरोबर होतं, दहापैकी दहा. मला ते ऐकू आलं नव्हतं. माझे कान गेलेत."

वह्या तपासणाऱ्या शिक्षिकांनी माना वर केल्या. व्हरांड्यातल्या गप्पा थांबल्या असाव्यात, कारण सगळी माणसं दाराकडे तोंड करून उभी होती. मग कारकुनानं फोन उचलला, रुग्णालयाच्या साहेबांना लावला, दोन वाक्यं बोलला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "ते म्हणतायत, असं मी नाही घेणार. मास्तरांनी स्वतः सांगावं."

मी रिसीव्हर कानाला लावला आणि सगळं सांगितलं. सिनेमा, दार, रडणं, शून्य. बेरीजसुद्धा. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. पाण्याखालून यावं तसं. अशा वेळी मी आजवर "हो, हो, बरोबर" म्हणत आलो आहे, आणि नंतर अंदाजानं निभावून नेत आलो आहे.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. "जरा मोठ्यानं बोलाल का?"

ते मोठ्यानं बोलले. यादी थांबवतो, म्हणाले, तेवीस लिहून घेतो, उद्या स्वतः येऊन सही करा. बाईंना जागा मिळेल. माझा जीव भांड्यात पडला. मी आभार मानून रिसीव्हर ठेवणार, तेवढ्यात ते पुन्हा काहीतरी म्हणाले, आणि मला पुन्हा विचारावं लागलं, आणि त्यांनी ते ओरडून सांगितलं. एवढं ओरडून की कारकुनालाही ऐकू गेलं.

"मग त्या बाईंनी तेव्हाच तक्रार का नाही केली?"

दारात माझा वर्ग उभा होता. मावशी सर्वांच्या मागे, ड्युटी संपवून नुकत्याच जिना चढून आलेल्या, कठड्याला धरून. कमी ऐकणारा माणूस फोनवर हळू बोलूच शकत नाही.

"माझी लाज राखायला," मी म्हणालो.